विंडोजमधून नको असलेलं सॉफ्टवेअर मुळासकट काढताना

डेस्कटॉपवरचं चित्र रिसायकल बिनमध्ये टाकलं म्हणजे प्रोग्रॅम गेला, असं समजणारे आता कमी उरलेत. पण सी ड्राइव्हमध्ये शिरून प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर डिलीट करणारे अजून भरपूर आहेत, आणि खरा घोळ तिथेच होतो. प्रोग्रॅम काढणारी फाइल बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये असते. ती गेली की मागे राहिलेली सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा भाग), वेळापत्रकात लावलेलं काम, ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, ड्रायव्हर यांना हात लावणारं कुणीच उरत नाही. म्हणून कितीही राग आला असला तरी आधी त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवायचा आणि हाताने साफसफाई त्यानंतर करायची. क्रम उलटला की काम चौपट होतं.

खाली दिलेलं विंडोज १० आणि ११ साठी आहे, मात्र "सेटिंग्ज"मधले रस्ते विंडोज ११ चे आहेत, १० मध्ये ते थोडे वेगळे असतात. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत. कमांड टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

हात घालण्याआधी

स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" टाइप करा. उघडलेल्या विंडोत सी ड्राइव्हपुढे "ऑफ" दिसलं तर "कॉन्फिगर"मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू करा, डिस्कची साधारण ५ टक्के जागा द्या आणि "क्रिएट" दाबून पॉइंट बनवा. बऱ्याच कॉम्प्युटरवर हे मुळातच बंद असतं आणि गरज पडल्यावर ते लक्षात येतं. रिस्टोअर पॉइंटने तुमचे फोटो आणि कागदपत्रं मागे जात नाहीत, प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) तेवढी जुन्या तारखेला जाते. म्हणजे हा बॅकअप नव्हे. कागदपत्रांची नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर हवीच.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची. नव्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेफ मोडमध्ये (गरजेपुरत्याच गोष्टी चालू करून उघडलेल्या विंडोजमध्ये) जाताना किंवा रिसेट करताना मशीन अचानक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुसऱ्या फोनवरून खात्यात जाऊन बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. स्क्रीन निळी झाल्यावर पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा हे बरं.

पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर लायसन्स की लिहून घ्या. "डीॲक्टिव्हेट"ची सोय असेल तर अनइन्स्टॉल करण्याआधीच ते करा, नाहीतर नव्या मशीनवर टाकताना "लायसन्स आधीच वापरात आहे" असं ऐकावं लागतं.

यादीतलं काय काढायचं, काय नाही

विंडोज ११ मध्ये "सेटिंग्ज", "ॲप्स", "इन्स्टॉल्ड ॲप्स" असं जा आणि यादी "डेट इन्स्टॉल्ड"नुसार लावा. ही एक खूण पुष्कळ काम करते. एखादा फुकट पीडीएफ कन्व्हर्टर ज्या दिवशी टाकला, त्याच दिवशी ओळखीचं नसलेलं एखादं "ऑप्टिमायझर", एखादा "ड्रायव्हर अपडेटर" आणि एखादा अनोळखी ब्राउझर आला असेल, तर ते सगळे एकाच पंगतीला बसलेले पाहुणे आहेत. मात्र तारखेवर आंधळा विश्वास नको, कारण काही प्रोग्रॅम अपडेट झाले की त्यांची तारीखही पुढे सरकते.

जुनी यादी जास्त स्पष्ट असते. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड डॉट सी-पी-एल टाइप करा, एंटर. इथे पब्लिशर आणि व्हर्जन यांचे वेगळे रकाने दिसतात. पब्लिशरचा रकाना रिकामा असेल तर थोडं संशयानेच बघा.

आता हात लावू नये असं काय? "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल" नावाच्या नोंदी २००५, २००८, २०१० अशा सालांसकट दहा-बारा सापडतात आणि कचरा वाटतात. तो कचरा नाही. वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या सालचं रिडिस्ट्रिब्युटेबल मागतात, आणि ६४ बिट विंडोजवर एक्स-८६ (३२ बिट) आणि एक्स-६४ (६४ बिट) दोन्ही लागतात. ते काढलं की दुसऱ्या दिवशी भलताच प्रोग्रॅम "अमुक डीएलएल सापडली नाही" म्हणून अडतो. डॉट नेट रनटाइम आणि "एज वेबव्ह्यू-२ रनटाइम" यांचंही तेच. वेबव्ह्यू-२ म्हणजे एज ब्राउझर नव्हे, इतर ॲपना आपल्या विंडोत वेबपान दाखवण्यासाठी लागणारा भाग आहे तो.

एज ब्राउझर काढता येतो का, हा नेहमीचा प्रश्न. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या वापरकर्त्यांना तिथल्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे २०२४ पासून ती मुभा आहे. भारतात नाही. स्क्रिप्ट चालवून जबरदस्तीने काढला तर तो पुढच्या एखाद्या अपडेटबरोबर परत येतो, शिवाय मध्येच काहीतरी मोडतं. डीफॉल्ट ब्राउझर बदला आणि त्याचा पिच्छा सोडा.

अनइन्स्टॉल करताना

आधी प्रोग्रॅम खरोखर बंद करा. विंडोवरच्या फुलीने तो बंद होतोच असं नाही. घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक करून त्याचं छोटं चित्र दिसतंय का बघा, राइट क्लिक, "एक्झिट". मग यादीतून "अनइन्स्टॉल".

पुढे येणारी प्रत्येक स्क्रीन वाचा. नको असलेली सॉफ्टवेअर इथेच डाव साधतात. मोठं रंगीत बटण "ठेवा" असं असतं आणि "काढा" हे शब्द खाली फिक्या करड्या अक्षरांत असतात, किंवा प्रश्नच उलटा विचारलेला असतो, म्हणजे "हो" म्हटलं की प्रोग्रॅम राहतो. "सेटिंग्ज आणि डेटा जपून ठेवा" अशी टिक आधीच लावलेली असेल तर पूर्ण काढायचं असल्यास ती काढा. पण जमाखर्चाचा किंवा बिलिंगचा प्रोग्रॅम असेल तर "डेटा डिलीट करू का" याला हो म्हणण्याआधी दहादा विचार करा. तिथे डेटा म्हणजे तुमची खातेवही.

काम झाल्यावर "रिस्टार्ट" करा. "शट डाउन" करून पुन्हा चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच जागा होतो. वापरात असलेल्या फाइल अनइन्स्टॉलर लगेच पुसू शकत नाही, तो त्यांची नावं "पुढच्या बूटला पुसा" म्हणून नोंदवून ठेवतो. ही नोंद रिस्टार्ट झाल्यावरच अमलात येते. "रोज बंद करतो, तरी त्या दोन फाइल जात नाहीत" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

अडतं कुठे

"दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे", क्रमांक १६१८. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम करतो. मागे विंडोज अपडेट किंवा ऑफिसचं अपडेट चालू असतं. पंधरा-वीस मिनिटं थांबा, नाहीच सुटलं तर रिस्टार्ट करून पहिलं काम हेच करा.

अनइन्स्टॉलरच सापडत नाही. म्हणजे कुणीतरी फोल्डर आधीच उडवला आहे. विंडोज कधीकधी स्वतःच विचारतं की हा प्रोग्रॅम आधीच गेलेला दिसतो, यादीतून नाव काढू का. लगेच हो म्हणू नका, त्याने फक्त नाव जाईल. सरळ उपाय म्हणजे त्याच प्रोग्रॅमची तीच आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरून आणून पुन्हा टाकायची आणि मग रीतसर काढायची. काढायची वस्तू पुन्हा बसवणं विचित्र वाटतं, पण तासाभराची शोधाशोध वाचते.

अनइन्स्टॉलर एमएसआय, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरची मूळ फाइल मागतो. विंडोज फोल्डरच्या आत "इन्स्टॉलर" नावाचा लपवलेला फोल्डर असतो. पुष्कळ प्रोग्रॅमचे काढण्याचे आणि दुरुस्तीचे कागद त्यात असतात. तो काही जीबींचा होतो म्हणून "जागा वाचवा" सांगणारे लोक तो रिकामा करायला लावतात. एकदा रिकामा केला की ना अपडेट होतं, ना अनइन्स्टॉल. इथेही पुन्हा टाकून काढणं हाच मार्ग.

सेफ मोडमध्येही जात नाही. विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस सेफ मोडमध्ये मुळात चालतच नाही, त्यामुळे एमएसआय पद्धतीने बसलेले प्रोग्रॅम तिथे निघत नाहीत. ते साध्या मोडमध्येच काढायचे. स्वतःला वाचवत बसणारं ॲडवेअर (जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर) मात्र सेफ मोडमध्ये गपगुमान निघतं, कारण तिथे ते सुरूच झालेलं नसतं. जायचं कसं: शिफ्ट दाबून ठेवून "रिस्टार्ट", मग "ट्रबलशूट", "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स", "स्टार्टअप सेटिंग्ज", "रिस्टार्ट" आणि यादी आल्यावर ४. इंटरनेट लागणार असेल तर ५.

मागे काय राहतं

हरळी वरवर उपटली तर पावसाच्या पहिल्या सरीला पुन्हा फुटते. इथेही सगळी मुळं सारखी धोक्याची नसतात, म्हणून कुठलं मूळ जिवंत आहे ते बघू.

फोल्डर सगळ्यात सोपे. "प्रोग्रॅम फाइल्स" आणि "प्रोग्रॅम फाइल्स एक्स-८६" बघाच, पण खरा पसारा लपवलेल्या जागी असतो. विंडोज आणि आर दाबून टक्क्याच्या दोन चिन्हांच्या मध्ये ॲपडेटा टाइप करा, रोमिंग फोल्डर उघडेल. तसंच लोकलॲपडेटा, प्रोग्रॅमडेटा आणि टेम्प. लोकलच्या आतला "प्रोग्रॅम्स" फोल्डर विसरू नका. ॲडमिन पासवर्ड न मागता बसलेली सॉफ्टवेअर पुष्कळदा तिथे घर करतात. शोधताना प्रोग्रॅमच्या नावाबरोबर पब्लिशरचं नावही बघा, कारण फोल्डर बऱ्याचदा कंपनीच्या नावाने असतो. मात्र त्याच कंपनीचं दुसरं काही तुम्ही वापरत असाल तर बाहेरचा फोल्डर राहू द्या, आतला तेवढा काढा.

रिकामा फोल्डर कुणाला त्रास देत नाही. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी देतात. टास्क मॅनेजरमधला "स्टार्टअप" टॅब त्यांचा थोडाच भाग दाखवतो. पूर्ण चित्र हवं असेल तर "ऑटोरन्स" घ्या. हे सिसइंटर्नल्सचं फुकट साधन आहे. सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे, त्यामुळे त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवा. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर", आणि पहिलं काम म्हणजे "ऑप्शन्स"मध्ये "हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज"वर टिक. नाहीतर शेकडो ओळींत हरवाल. पिवळ्या ओळी म्हणजे फाइल गेलेली, नोंद उरलेली. काढायला निर्धास्त. गुलाबी म्हणजे पब्लिशरची खात्री झालेली नाही. ती वाईटच असेल असं नाही, जुने प्रिंटरचे प्रोग्रॅमही गुलाबी दिसतात. संशय असेल तर आधी फक्त टिक काढा, दोन-चार दिवस कॉम्प्युटर वापरा, काही बिघडलं नाही तर मग "डिलीट".

ऑटोरन्समधला "शेड्यूल्ड टास्क्स" टॅब नीट वाचा. काढलेलं सॉफ्टवेअर परत येतं ते बहुधा याच दारातून: दर तासाला किंवा लॉग-इनला एक छोटं काम चालतं, इंटरनेटवरून इन्स्टॉलर आणतं आणि गुपचूप बसवतं.

सर्व्हिस उरली असेल तर ती काढण्याची कमांड म्हणजे एस-सी, स्पेस, डिलीट, स्पेस, सर्व्हिसचं नाव. इथे एक गंमत आहे. विंडोज ११ मध्ये "टर्मिनल" उघडलं की आत पॉवरशेल असतं, आणि विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये एस-सी हे भलत्याच कमांडचं टोपणनाव आहे, फाइलीत मजकूर लिहिण्याच्या. कमांड बिनतक्रार चालते, एरर येत नाही, सर्व्हिस जिथल्या तिथे राहते आणि चालू फोल्डरमध्ये "डिलीट" नावाची एक फाइल तयार होते. म्हणून एस-सी डॉट ई-एक्स-ई असं पूर्ण लिहायचं, किंवा जुना कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा. नाव "सर्व्हिसेस" विंडोत डबल क्लिक केल्यावर सगळ्यात वर "सर्व्हिस नेम" म्हणून दिसतं ते द्यायचं, यादीतलं लांबलचक नाव नाही. "मार्क्ड फॉर डिलीशन" असा निरोप आला तर सर्व्हिसेसची विंडो उघडी राहिली आहे. ती बंद करा, रिस्टार्ट करा.

आता रजिस्ट्री. "रजिस्ट्रीतला प्रत्येक कण काढला पाहिजे" हा हट्ट वेळ खातो आणि धोका वाढवतो. कुणी वाचतच नाही अशी नोंद कॉम्प्युटर मंद करत नाही. हात घालण्यासारखी एकच जागा आहे: प्रोग्रॅम गेला पण यादीतलं नाव जात नाही तेव्हा. ही यादी "एचकी लोकल मशीन", "सॉफ्टवेअर", "मायक्रोसॉफ्ट", "विंडोज", "करंट व्हर्जन", "अनइन्स्टॉल" इथून येते. ३२ बिट प्रोग्रॅमची "सॉफ्टवेअर"च्या खालच्या "वाऊ-६४३२-नोड"मधून, आणि फक्त तुमच्या खात्यापुरत्या बसलेल्यांची "एचकी करंट युजर"खालून. महिरपी कंसातले लांबलचक आकडे दिसले तर घाबरू नका, उजवीकडे "डिस्प्लेनेम"मध्ये खरं नाव असतं. ती एकच की निवडून "एक्स्पोर्ट" करा, मग डिलीट.

रजिस्ट्री क्लीनर नकोच. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्यांना पाठिंबा देत नाही. आणि नावाजलेलं साधनही आंधळेपणाने घेऊ नये याचं उदाहरणही आहे: २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या साधनाच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी मागचं दार बसवलं होतं.

मदतीला साधन हवंच असेल तर "बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर" मुक्त आणि फुकट आहे, एकदम पाच-दहा प्रोग्रॅम काढायचे असतील तेव्हा उपयोगी. "रेवो"ही चांगलं. त्यात उरलेल्या नोंदी दाखवताना ठळक अक्षरांतल्याच काढायच्या असतात, फिक्या फक्त रस्ता दाखवायला असतात. तीही साधनं आधी मूळ अनइन्स्टॉलरच चालवतात, हे लक्षात घ्या.

ब्राउझर, प्रॉक्सी आणि सर्टिफिकेट

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" असं उजव्या कोपऱ्यात सारखं येत असेल तर बहुतेक वेळा कुठलंही सॉफ्टवेअर बसलेलं नसतं. कधीतरी एखाद्या साइटवर "अलाऊ" दाबलेलं असतं. क्रोममध्ये "सेटिंग्ज", "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", "साइट सेटिंग्ज", "नोटिफिकेशन्स" इथे परवानगी असलेल्या साइट दिसतात. अनोळखी नावं काढली की संपलं.

एक्स्टेन्शन काढता येत नसेल आणि मेनूच्या तळाशी "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" दिसत असेल, पण कॉम्प्युटर तर घरचा आहे, तर कुणीतरी पॉलिसी, म्हणजे वरून लादलेली सेटिंग बसवली आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे रीतसर आहे, तिथे काही करू नका. घरच्या मशीनवर रजिस्ट्रीत "एचकी लोकल मशीन", "सॉफ्टवेअर", "पॉलिसीज", "गूगल", "क्रोम" बघा. काही अँटिव्हायरसही इथे लिहितात, म्हणून आधी आत काय आहे ते वाचा, एक्स्पोर्ट करा आणि मग काढा. एक्स्टेन्शन काढूनही परत येत असेल तर ते बहुधा सिंकमधून, म्हणजे त्याच खात्याने जोडलेल्या दुसऱ्या मशीनवरून येतंय. दोन्हीकडून काढायला हवं. होमपेज बदलूनही भलतंच पान उघडत असेल तर ब्राउझरच्या शॉर्टकटच्या "प्रॉपर्टीज"मध्ये "टार्गेट"चा शेवट बघा. "डॉट ई-एक्स-ई"च्या पुढे अवतरणचिन्ह संपल्यावर एखादा पत्ता चिकटवलेला सापडेल. तो पुसा.

इंटरनेटच बंद पडलं? "सेटिंग्ज", "नेटवर्क अँड इंटरनेट", "प्रॉक्सी". हाताने लावलेला प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेवरचा मध्यस्थ) चालू असेल आणि पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हाच कॉम्प्युटर असेल, तर काढलेलं ॲडवेअर ब्राउझरची वाहतूक स्वतःतून वळवत होतं. ते गेलं, वळण राहिलं. बंद करा.

सर्टिफिकेटकडे, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याकडे कुणी बघत नाही, आणि "पूर्ण काढलं" याची खरी परीक्षा तिथेच होते. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर आधीच टाकलेलं "सुपरफिश" नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर गाजलं. सुरक्षित साइटवर जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (बाकी दाखल्यांना खरं ठरवणारा मूळ दाखला) बसवलं होतं, आणि त्याची गुप्त की सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. ती फुटल्यावर कुणीही बँकेची खोटी साइट बनवून कुलपासकट दाखवू शकत होतं. लोकांनी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला, सर्टिफिकेट तसंच राहिलं. ते वेगळं काढावं लागलं. आजही तपासायची जागा तीच: विंडोज आणि आर, सी-ई-आर-टी-एल-एम डॉट एम-एस-सी, "ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज", "सर्टिफिकेट्स". मायक्रोसॉफ्ट, डिजिसर्ट, ग्लोबलसाइन वगैरे तिथे असणारच. "सीसीए इंडिया" दिसलं तर तेही योग्य, डिजिटल सहीसाठी ते लागतं. काढलेल्या सॉफ्टवेअरच्या किंवा त्याच्या पब्लिशरच्या नावाचं सापडलं तर तेवढंच डिलीट करा. नाव ओळखीचं नाही एवढ्यावरून दुसरं काही उडवू नका.

अँटिव्हायरस वेगळा का

तो स्वतःला काढू न देण्यासाठीच बनवलेला असतो. त्याचे ड्रायव्हर फाइल आणि नेटवर्कच्या वाटेवर बसलेले असतात, अर्धवट निघाला तर इंटरनेट जातं किंवा मशीन कासव होतं. आधी त्याच्या सेटिंगमधलं "सेल्फ प्रोटेक्शन" बंद करा, मग नेहमीसारखं अनइन्स्टॉल करा, आणि नाही जमलं तर त्याच कंपनीचं काढण्याचं खास साधन वापरा. मॅकॅफीचं "एमसीपीआर", अव्हास्टचं "अव्हास्ट क्लिअर", ईसेटचा स्वतःचा अनइन्स्टॉलर. शेवटची दोन सेफ मोडमध्ये चालवायची. क्विक हील या पुण्याच्या कंपनीचा अँटिव्हायरस आपल्याकडे घरोघरी असतो. मुदत शिल्लक असेल तर आधी प्रॉडक्ट की उतरवून घ्या.

नवा टाकण्याआधी जुना पूर्ण काढा, दोन एकत्र नांदत नाहीत. मधल्या काळात उघड्यावर पडाल ही भीती नको. बाहेरचा अँटिव्हायरस गेला की विंडोजचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो. "विंडोज सिक्युरिटी" उघडून हिरवी खूण आली का तेवढं बघा.

मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर, डोंगल आणि डिजिटल सही

छापखाने, वकिलांची ऑफिसं, शाळा इथल्या जुन्या मशीनवर श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, कृतिदेवचे फॉन्ट यांपैकी काहीतरी असतंच. हे काढण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: त्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारा मजकूर नाही. फॉन्ट गेला की पंधरा वर्षांचे अर्ज आणि करारनामे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या राडारोड्यासारखे दिसू लागतात. मजकूर आत तसाच असतो, पण वाचता येत नाही. तेव्हा आधी हव्या त्या फाइल युनिकोडमध्ये बदला किंवा निदान पीडीएफ करून ठेवा. फॉन्टच्या फाइलींची नक्कलही पेन ड्राइव्हवर घ्या, त्या फार जागा खात नाहीत.

टायपिंगचं साधन काढल्यावर त्याचा कीबोर्ड भाषेच्या यादीत राहतो आणि विंडोज-स्पेस दाबलं की मध्येच कडमडतो. "सेटिंग्ज", "टाइम अँड लँग्वेज", "लँग्वेज अँड रीजन", मराठीपुढचे तीन टिंब, "लँग्वेज ऑप्शन्स", आणि खाली "कीबोर्ड्स"मधून तो काढा. त्याच जागी विंडोजचा स्वतःचा "मराठी फोनेटिक" जोडता येतो. २०१९ पासून तो विंडोज १० मध्येच आहे, वेगळं काही टाकायला नको.

डोंगलवर, म्हणजे यूएसबीत खुपसायच्या लायसन्सच्या किल्लीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं शेपूट लांब असतं. प्रोग्रॅम गेला तरी हॅस्प किंवा सेंटिनेल या डोंगलांचा ड्रायव्हर राहतो, आणि जुना असेल तर विंडोज ११ मध्ये "मेमरी इंटिग्रिटी" ही सुरक्षेची सोय चालूच होत नाही. "विंडोज सिक्युरिटी", "डिव्हाइस सिक्युरिटी", "कोअर आयसोलेशन डीटेल्स" इथे न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी मिळते, आणि प्रत्येकाखाली ओईएम आणि आकडा असं डॉट आयएनएफ फाइलचं नाव असतं. ते नाव टिपा, डोंगल उपसून ठेवा, ॲडमिन टर्मिनलमध्ये पी-एन-पी-युटिल, स्पेस, तिरपी रेघ आणि डिलीट-ड्रायव्हर, स्पेस, ते नाव, स्पेस, तिरपी रेघ आणि अनइन्स्टॉल असं द्या. तो आकडा प्रत्येक मशीनवर वेगळा असतो, दुसऱ्याने सांगितलेला वापरू नका. आणि त्याच डोंगल-ड्रायव्हरवर दुसरं एखादं सॉफ्टवेअर चालत नाही ना, याची खात्री आधी करा.

डिजिटल सहीच्या टोकनचा (सही ठेवलेल्या यूएसबी किल्लीचा) ड्रायव्हर काढला तर सही जात नाही, ती टोकनच्या आतल्या चिपमध्ये असते. जाते ती टोकनच्या सॉफ्टवेअरमधलं "इनिशियलाइझ" दाबल्यावर. साफसफाईच्या भरात ते बटण दाबलं की नवी सही विकत घ्यावी लागते.

कुणी फोनवर सांगून टाकायला लावलेलं रिमोट ॲप

दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवू देणारी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही चांगली, कामाची सॉफ्टवेअर आहेत. फसवणूक करणारे त्यांचाच वापर करतात, म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. बँकेचा, विजेच्या बिलाचा किंवा "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्याचा फोन असेल तर इथे क्रम बदलतो. आधी वायफाय बंद किंवा केबल बाहेर. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं. अनइन्स्टॉल त्यानंतर. मग सर्व्हिस उरली का बघा, प्रोग्रॅमडेटा आणि रोमिंगमधला त्याचा फोल्डर काढा (पण तक्रार करणार असाल तर आतल्या नोंदींची नक्कल आधी ठेवा, जोडणी कधी झाली ते त्यात असतं). पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून.

शेवटी तपासणी, आणि तरीही नाहीच गेलं तर

मालवेअरबाइट्सचं "ॲडवक्लीनर" एकदा चालवा, ते इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यानंतर "विंडोज सिक्युरिटी"च्या "स्कॅन ऑप्शन्स"मधलं "ऑफलाइन स्कॅन" निवडा. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. "ॲप अँड ब्राउझर कंट्रोल", "रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन" यात "पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग"च्या दोन्ही टिका लावा. पुढचा फुकट कन्व्हर्टर येताना निदान विचारून येईल.

सगळं करूनही ते परत उगवत असेल तर हट्ट सोडा. "सेटिंग्ज", "सिस्टिम", "रिकव्हरी", "रिसेट धिस पीसी". "कीप माय फाइल्स" निवडलं तर कागदपत्रं राहतात, तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात. पण लॅपटॉप कंपनीने सुरुवातीला भरलेलं सामान परत येऊ शकतं. तेच नको असेल तर दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर कोरं विंडोज उतरवा आणि डिस्क पुसून ते बसवा. वायफायचा ड्रायव्हर त्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आधीच त्याच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर इंटरनेटसाठी ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट नाही अशा पेचात घोडं अडतं. "कीप माय फाइल्स"ने रिसेट केलं असेल तर काढलेल्या ॲपची यादी डेस्कटॉपवर एका फाइलीत मिळते. तिचा उपयोग कुठल्या लायसन्सची की शोधायची आहे हे बघण्यापुरताच.